मांडीच्या हाडाच्या मॉडेलमध्ये ४१२ मेगापास्कल आले, ते कुठून?

प्रश्न थोडक्यात असा. फोंड्याला मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने नाव-गाव काढलेल्या सीटी स्कॅनवरून मांडीच्या हाडाचा, म्हणजे फीमरचा, वरचा अर्धा भाग थ्री-डी स्लायसर या स्कॅन हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा केला. त्याची मेश केली, म्हणजे तो छोट्या तुकड्यांत (एलिमेंटमध्ये) विभागला, सगळ्या हाडाला १७ गिगापास्कल मॉड्युलस, म्हणजे ताठपणा, दिला, खालचा कापलेला पृष्ठभाग जखडला आणि खुब्याच्या गोळ्यावर एका नोडवर, म्हणजे मेशच्या एका बिंदूवर, ७०० न्यूटन भार टाकला. कमाल व्हॉन मिसेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस मिळून काढलेला एक आकडा) ४१२ मेगापास्कल आला. एवढा स्ट्रेस हाड सोसत नाही, मग माणूस नुसता उभा राहिला तरी मोडायला हवा. चूक कुठे?

तुमच्या सॉल्वरने, म्हणजे मेशवरचे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामने, गणित बरोबर केले आहे. तुम्ही जे विचारले त्याचेच उत्तर त्याने दिले. ४१२ हा आकडा हाडाबद्दल काही सांगत नाही, तो एका नोडवर टाकलेल्या भाराबद्दल सांगतो. तपासायचे असेल तर त्या जागेची मेश निम्म्या आकाराची करा आणि पुन्हा चालवा, आकडा आणखी चढेल. परत बारीक करा, परत चढेल. जो स्ट्रेस मेश बारीक केल्यावर थांबतच नाही तो खरा नसतो. एका बिंदूला क्षेत्रफळ नसते, म्हणून तिथे स्ट्रेसला मर्यादाही नसते. खाली जिथे पृष्ठभाग पूर्ण जखडला आहे त्या कडेलाही थोड्या प्रमाणात हेच होते, कारण तिथे हाडाला आडवे फुगायला वाव उरत नाही.

आता कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि कागदावर एक हिशेब करा. दांड्याच्या मध्यावर हाड म्हणजे जाड भिंतीची नळी. बाहेरचा व्यास २८ मिमी, आतला १४ मिमी धरू. गोळ्याचे केंद्र दांड्याच्या अक्षापासून साधारण ४५ मिमी आत असते. ७०० न्यूटन उभा भार म्हणजे वाकवणारा आघूर्ण ७०० × ४५ = ३१,५०० न्यूटन-मिमी. नळीचा क्षेत्र-जडत्व आघूर्ण साधारण २८,३०० मिमी⁴ येतो. वाकण्याचा स्ट्रेस झाला सुमारे १५.६ मेगापास्कल. थेट दाबाचा स्ट्रेस ७०० भागिले ४६२ चौरस मिमी, म्हणजे १.५. आतल्या बाजूला दोन्ही मिळून सुमारे १७ मेगापास्कल दाब, बाहेरच्या बाजूला सुमारे १४ मेगापास्कल ताण. १७ गिगापास्कलने भागले की स्ट्रेन, म्हणजे लांबीतल्या बदलाचे प्रमाण, १००० मायक्रोस्ट्रेनच्या (०.१ टक्क्याच्या) आसपास येतो. तुमच्या मॉडेलमध्ये दांड्यावर, भार आणि जखडण यांपासून दूर, याच्या जवळपास आकडे दिसायला हवेत. तिथे १५० आले तर एककांची किंवा भूमितीची चूक आहे. १५-२० आले तर मॉडेलचा सांगाडा शाबूत आहे आणि पुढे जायला हरकत नाही. हा दहा मिनिटांचा हिशेब प्रत्येक मॉडेलसाठी करावा, कितीही अनुभव असला तरी.

एककांबद्दल एवढेच: मिमी, न्यूटन, मेगापास्कल, आणि वस्तुमान लागले तर टन. हाडाचा आकार ज्यात साठवतात त्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसते. स्लायसर मिमीमध्ये लिहितो, पुढचे सॉफ्टवेअर मीटर समजते आणि चारशे मीटरची मांडी तयार होते.

खरे काम पुढे आहे, आणि माझ्या मते हाडाचे मॉडेल बहुतेक वेळा याच टप्प्यावर बिघडते: सीटीच्या करड्या रंगापासून मॉड्युलसपर्यंतची वाट. एकच १७ गिगापास्कल म्हणजे पूर्ण हाड घन थराचे आहे असे म्हणणे. तसे ते नसते. कापलेला माडाचा ओंडका पाहा. बाहेरचा काठ काळपट आणि करवतीला दाद न देणारा, मधला गाभा भुसभुशीत. खुब्याजवळ हाड त्याच धाटणीचे असते, फक्त बाहेरचा कठीण थर मानेच्या वरच्या बाजूला एक मिलिमीटरहून पातळ होतो आणि आतले जाळीदार हाड जागोजागी बदलते. या जाळीदार हाडाचा मॉड्युलस काही दहा मेगापास्कलपासून दोन-तीन हजारांपर्यंत कुठेही असू शकतो. त्याला १७,००० दिले की मान खोटी ताठ होते आणि पातळ कवचावर येणारा भार मॉडेलमध्ये दिसतच नाही.

ही वाट चार पायऱ्यांची आहे. सीटीतला प्रत्येक व्हॉक्सेल (चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा) एचयू, म्हणजे हाउन्सफील्ड एककांतला आकडा, देतो: पाणी शून्य, हवा उणे १०००. एचयू ही घनता नाही. ट्यूबचे किलोव्होल्ट बदलले की त्याच हाडाचे एचयू बदलतात. म्हणून रुग्णाबरोबर किंवा त्याच सेटिंगवर ज्ञात घनतेचा फँटम, म्हणजे मापासाठीचा कृत्रिम नमुना, स्कॅन झालेला हवा. समजा हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या फँटममधले ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम प्रति घनसेंमीचे भाग ६०, ११८ आणि २३२ एचयू दाखवतात (हे आकडे पद्धत दाखवण्यापुरते). सरळ रेषा बसवली की उतार ०.८७३ आणि छेद उणे २.६ मिळतो. ३०० एचयूचा एक जाळीदार व्हॉक्सेल घ्या. त्याची समतुल्य खनिज घनता सुमारे ०.२५९ ग्रॅम प्रति घनसेंमी. दुसरी पायरी राखेच्या घनतेची (हाड जाळल्यावर उरणारे खनिज भागिले आकारमान): ०.८७७ ने गुणून ०.०७९ मिळवा, ०.३०६ येते. तिसरी पायरी आभासी घनतेची (पोकळ्या धरून पूर्ण आकारमानावर काढलेली ओल्या हाडाची घनता): ०.६ ने भागा, ०.५१० येते. चौथी पायरी मॉड्युलसची: फीमरच्या मानेसाठी मॉर्गन, बायराक्तार आणि कीव्हनी यांनी २००३ मध्ये दिलेले सूत्र, ६८५० गुणिले आभासी घनतेचा १.४९ वा घात. उत्तर सुमारे २५१० मेगापास्कल. तुमच्या मॉडेलने याच जागेला १७,००० दिले होते.

हेच गणित १५०० एचयूच्या घन थरावर करा, १९.८ गिगापास्कलच्या आसपास येते. म्हणजे एकच सूत्र दोन्ही टोकांना समजण्यासारखे आकडे देते. पण मधली एक पायरी गाळून बघा. राखेची घनता ०.३०६ थेट सूत्रात घातली तर मॉड्युलस ११७० येतो, निम्म्याहून कमी. हे सगळ्यात जास्त वेळा होते, कारण निबंधांमध्ये नुसते 'घनता' लिहिलेले असते आणि ती राखेची, आभासी, खनिजाची की कोरडी, हे तळटिपेत असते. कोणतेही सूत्र उचलण्याआधी त्याची घनता कोणती, हाड कुठल्या जागेचे आणि चाचणीत नमुन्याची टोके कशी धरली होती, हे तीन प्रश्न विचारा. मणक्यासाठी त्याच अभ्यासात ४७३० आणि १.५६ आहेत. ते फीमरला लावले तर ०.५१ घनतेला १६५५ मेगापास्कल येतात, एक-तृतीयांश कमी. कार्टर आणि हेज यांचे १९७७ चे सूत्र घनतेच्या तिसऱ्या घाताचे आहे. त्यात घनता १० टक्के चुकली तर मॉड्युलस ३३ टक्के चुकतो. १.४९ घाताला तीच चूक १५ टक्क्यांवर राहते.

फँटम नसेल तर? रुग्णालयातल्या जुन्या स्कॅनमध्ये तो बहुधा नसतोच. स्नायू, चरबी आणि हवा यांचे एचयू वापरून रेषा बसवता येते. असे मॉडेल दोन परिस्थितींची तुलना करायला चालते: तोच माणूस, प्लेटसह आणि प्लेटविना. हाड किती न्यूटनला मोडेल हा आकडा त्यातून काढू नका. कॉन्ट्रास्ट दिलेला स्कॅन असेल तर तोही घेऊ नका, रक्तातल्या आयोडीनने एचयू वर चढलेले असतात. रेडिओलॉजीतून स्कॅन मागताना हे स्पष्ट लिहून द्या: स्लाइस १ मिमी किंवा कमी, गँट्री (स्कॅनरचे कडे) सरळ, आणि मऊ पेशींचा कर्नल (चित्र घडवताना लावायची गाळणी). तीक्ष्ण कर्नल चित्र छान दाखवतो, पण हाडाच्या कडेला एचयू मुद्दाम उचलतो, आणि आपल्याला चित्राची नव्हे, आकड्याची गरज आहे. डायकॉम, म्हणजे स्कॅनच्या, फाइलच्या शीर्षकात नाव, वय, रुग्ण क्रमांक असतो. फाइलचे नाव बदलले म्हणून तो जात नाही. तो पुसून आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घेऊनच काम सुरू करा.

कडेच्या व्हॉक्सेलमध्ये अर्धे हाड आणि अर्धा स्नायू असतो, म्हणून त्याचा एचयू अर्ध्यावर येतो. हे तसेच मेशवर चढवले तर हाडाच्या बाहेरच्या सालीला, जिथे वाकण्याचा सर्वाधिक स्ट्रेन असतो तिथेच, मऊ पदार्थ मिळतो. उपाय सोपा आहे: मास्क (हाड म्हणून निवडलेला भाग) एक व्हॉक्सेल आत आकसा आणि कडेच्या एलिमेंटला जवळच्या आतल्या व्हॉक्सेलचे मूल्य द्या. दुसऱ्या टोकाला मज्जेतली चरबी. वरच्या उदाहरणाच्या रेषेत एचयू उणे १०० च्या खाली गेला की राखेची घनता ऋण होते. ऋण संख्येचा १.४९ वा घात काढता येत नाही, फाइलमध्ये 'संख्या नाही' असे उतरते आणि सॉल्वर कुठल्या तरी असंबद्ध तक्रारीवर थांबतो. घनतेला तळ घाला आणि मॉड्युलस किमान ५-१० मेगापास्कल ठेवा.

मॉड्युलस एलिमेंटवर चढवताना क्रम महत्त्वाचा. आधी एलिमेंटमधल्या सगळ्या व्हॉक्सेलच्या एचयूची सरासरी आणि मग सूत्र, की प्रत्येक व्हॉक्सेलचा मॉड्युलस आणि मग सरासरी? घात एकाहून मोठा असल्यामुळे दोन उत्तरे वेगळी येतात, आणि जिथे घन थर नि जाळी एकाच एलिमेंटमध्ये सापडतात तिथे फरक मोठा असतो. दुसरा क्रम वापरा. बोलोन्याच्या रिझोली संस्थेत तयार झालेले बोनमॅट हे सॉफ्टवेअर हे काम करते. पायथॉनमध्ये स्वतः लिहिणेही अवघड नाही. मग एलिमेंट ५०-१०० मेगापास्कलच्या गटांत बांधा, कॅल्क्युलिक्स या सॉल्वरच्या इनपुटमध्ये प्रत्येक गटाला एक पदार्थ द्या. दोनशे-अडीचशे पदार्थ झाले तरी चालते. पॉयसन गुणोत्तर (आडव्या आणि उभ्या स्ट्रेनचे) सगळीकडे ०.३ ठेवा, त्यावर वेळ घालवू नका.

यानंतर एक तपासणी, जी चुकवली तर बाकी सगळे वाया जाते. डायकॉमच्या अक्षांची दिशा आणि स्लायसरच्या आतल्या अक्षांची दिशा वेगळी आहे: दोघांत डावे-उजवे आणि पुढे-मागे उलट आहेत, वर-खाली सारखे आहे. मेश एका पद्धतीत निघाली आणि घनता दुसऱ्या पद्धतीत वाचली, तर दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत आणि तरीही सॉल्वर निमूटपणे उत्तर देतो. म्हणून भार टाकण्याआधी मॉड्युलसचा रंगीत नकाशा काढा आणि दांड्याच्या मधोमध आडवा छेद घ्या. अखंड कडे दिसले पाहिजे: बाहेर १६-२० हजारांचे वलय, आत जवळजवळ शून्य. वलय एका बाजूला जाड आणि दुसरीकडे हाडाबाहेर सांडल्यासारखे दिसले, किंवा चंद्रकोर दिसली, तर अक्ष उलटे आहेत. मग गोळ्याचा छेद घ्या. गोळ्यातून मानेच्या आतल्या-खालच्या काठाकडे उतरणारा दाट पट्टा ओळखू आला पाहिजे. दाब वाहून नेणाऱ्या याच पट्ट्यांच्या रचनेवरून युलियस वोल्फने १८९२ मध्ये हाड भाराप्रमाणे घडते हा नियम मांडला. तुमच्या मेशमध्ये तो पट्टा दिसला की घनता योग्य जागी बसली असे समजायला हरकत नाही.

मेशसाठी दहा नोडचे चतुष्फलक घ्या. चार नोडचे वाकण्यात खोटे ताठ होतात आणि विस्थापन कमी दाखवतात. आकार २ ते ३ मिमी. ४, ३ आणि २ मिमीच्या तीन मेशवर गोळ्याचे विस्थापन आणि मानेवरच्या ठरावीक जागेचा सरासरी स्ट्रेन तपासा, शेवटच्या दोनमधला फरक ५ टक्क्यांच्या आत आणा. इथे हाडाच्या मॉडेलची एक खास अडचण आहे: मेश बदलली की एलिमेंटमध्ये पडणारे व्हॉक्सेलही बदलतात, म्हणजे पदार्थही बदलतो. दोन गोष्टी एकदम हलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एकदा सगळीकडे एकच मॉड्युलस ठेवून फक्त मेशची अभिसृती (बारीक करत गेल्यावर आकडा स्थिर होतो का ते) तपासा, मग घनता चढवून परत.

भार एका नोडवर टाकू नका. गोळ्याच्या वरच्या टोपीसारख्या भागावर, २०-२५ मिमी व्यासाच्या, वाटून द्या. खालचे टोक निदान लहान उंचवट्याच्या (लेसर ट्रोकँटरच्या) खाली १०० मिमीपर्यंत घ्या आणि जखडणीपासून हाडाच्या एका व्यासाएवढ्या पट्ट्यातले आकडे वाचूच नका. भार किती? बर्लिनमध्ये बर्गमन आणि सहकाऱ्यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यात सेन्सर बसवून मोजले: ताशी ४ किमी चालताना सरासरी शरीरवजनाच्या २३८ टक्के, जिना चढताना २५१ टक्के. ७० किलोच्या माणसाला चालताना सुमारे १६३५ न्यूटन. ७०० न्यूटन म्हणजे दोन पायांवर स्थिर उभ्या माणसाच्या एका खुब्यावर प्रत्यक्षात येतो त्यापेक्षा जास्त आणि चालताना येतो त्यापेक्षा पुष्कळ कमी. चालण्याचा भार घातला तर बाहेरच्या मोठ्या उंचवट्यावर, मांडीला बाजूने हात लावला की लागतो त्या ग्रेटर ट्रोकँटरवर, खुबा बाहेर खेचणाऱ्या स्नायूंचा ओढही घाला. नुसता गोळ्यावरचा भार ठेवला तर दांडा प्रमाणाबाहेर वाकतो.

मोडण्याचा निकष व्हॉन मिसेस नको. तो ताण आणि दाब यांत भेद करत नाही, हाड मात्र करते: फीमरच्या घन थराची लांबीच्या दिशेने ताणातली ताकद सुमारे १३३ मेगापास्कल आणि दाबातली १९३. शिवाय मॉड्युलस जागोजागी बदलत असताना स्ट्रेसमध्ये मोजलेली ताकदही जागोजागी बदलते. स्ट्रेन त्यामानाने स्थिर राहतो. म्हणून मुख्य स्ट्रेन घ्या: ताणात ०.७३ टक्के, दाबात १.०४ टक्के ही मर्यादा. एका एलिमेंटने ती ओलांडली म्हणजे हाड मोडले असे नाही. पृष्ठभागावर ३ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात सरासरी काढा आणि ती ओलांडते तो भार लिहा. बाजूवर पडण्याचा अभ्यास करणार असाल तर भाराची दिशा बदलते, आणि उत्तरही: प्रयोगशाळेत पडण्याच्या स्थितीत वृद्धांचे फीमर सरासरी ३४४० न्यूटनला आणि तरुणांचे ७२०० न्यूटनला मोडल्याची नोंद आहे. तुमचे मॉडेल वृद्ध हाडाला १५,००० न्यूटन देत असेल तर घनतेच्या पायऱ्यांकडे परत जा. झटक्याने भार आला तर हाड थोडे ताठ वागते. स्ट्रेनचा वेग शंभरपट झाला तर ०.०६ घाताने मॉड्युलस सुमारे ३२ टक्के वाढतो. चालण्यासाठी हे सोडून द्या, पडण्यासाठी सोडू नका.

दिशाभेदाबद्दल. माडाचा वासा उभा चिरतो, आडवा तुटत नाही. हाडाचेही तसे: लांबीच्या दिशेने १७ गिगापास्कल, आडवे ११.५, शिअर मॉड्युलस ३.३. दांडा आणि मान यांच्या वाकण्यासाठी समदिशी (सगळ्या दिशांना सारखे) मॉडेल पुरते. स्क्रूभोवतीचा भाग किंवा उभी चीर पाहायची असेल तर पुरत नाही. साध्या सीटीतून जाळीची दिशा वाचता येत नाही, कारण जाळीची काडी ०.१-०.२ मिमीची आणि व्हॉक्सेल अर्ध्या मिमीचा.

शेवटी पडताळणी. मानवी हाड मिळणार नाही, पण मटणाची नळी मिळते. फोंडा किंवा म्हापशाच्या बाजारातून बकऱ्याच्या पुढच्या पायाची ताजी, न चिरलेली नळी घ्या, ती तुम्ही स्वतः स्कॅन करून घ्या, फँटमसह. मिठाच्या ०.९ टक्के पाण्यात भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, उणे २० अंशांत ठेवा. पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली तर फ्रीझर उघडू नका. वितळून पुन्हा गोठलेल्या नळ्या वेगळ्या खुणा करून बाजूला ठेवा. चाचणीच्या दिवशी ओल्या गॉजमध्येच वितळू द्या. बाहेर कितीही दमट असो, एसी खोलीत उघडे हाड वाळते, आणि वाळलेले हाड ताठ व ठिसूळ होते. स्ट्रेन गेज (स्ट्रेन मोजणारी पट्टी) चिकटवायचे तेवढाच तुकडा खरवडून, अ‍ॅसिटोनने पुसून, कोरडा करून सायनोअ‍ॅक्रिलेटने चिकटवा, बाकी सगळे ओले राहू द्या.

नळी १२० मिमी लांब आणि १५ मिमी जाड असेल तर तीन बिंदूंच्या वाकण्यात गाळा (दोन आधारांमधले अंतर) आणि जाडीचे गुणोत्तर जेमतेम ७-८ येते. नेहमीच्या तुळईच्या सूत्राने विस्थापनावरून मॉड्युलस काढला तर तो कमी येईल, कारण शिअरचे विस्थापन आणि आधाराखालचे चेपणे त्यात मिसळते. म्हणून विस्थापनावर नव्हे, गेजच्या स्ट्रेनवर मॉडेल तपासा. निदान चार गेज लावा, दोन ताणाच्या आणि दोन दाबाच्या बाजूला, भाराच्या टोकापासून १५ मिमी तरी दूर. भार लवचीक मर्यादेत ठेवा, ५००-१००० मायक्रोस्ट्रेनला थांबा, आणि तीनदा परत करा. मग मोजलेला स्ट्रेन आडव्या अक्षावर, मॉडेलचा उभ्या अक्षावर. अहवालात नुसता सहसंबंध ०.९५ लिहू नका. उतार १.६ असला तरी सहसंबंध ०.९५ येऊ शकतो, आणि उतार १.६ म्हणजे मॉडेल दीडपटीहून मऊ आहे. उतार, छेद, वर्गमाध्य चूक आणि सगळ्यात मोठी एक चूक, चारही द्या. उतार ०.९ ते १.१ च्या बाहेर असेल तर सॉल्वरला हात लावू नका. आधी फँटमची रेषा, मग ०.६ चा भागाकार, मग कडेचे व्हॉक्सेल, या क्रमाने शोधा.